अनुसूची क

निविदा मीच टाइप केली.
एकशे बारा पानं, सेहेचाळीस डिग्रीत,
पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून
वर तुरटीचा खडा.

'जलशुद्धीकरण केंद्राचे संचालन, देखभाल व दुरुस्ती,
कालावधी दहा वर्षे.'
अनुसूची क : हस्तांतरित करावयाच्या वस्तू.
पंप चार, पैकी चालू तीन.
गाळण्या सहा. व्हॉल्व्ह सोळा नग.
लोखंडी शिडी एक, दोन पायऱ्या नसलेली.
साहेब म्हणाले, पायऱ्यांचं लिहू नका.

मोजदाद करायला केंद्रावर गेले
तर सुभान तडवी गाळणीच्या कठड्यावर उकिडवा,
एकतीस वर्षं नोकरी झालेला ऑपरेटर,
पाण्याचा वास घेत.
"बाई, पानी आधी नाकाले कयते,
मंग मिशनीले.
पुर्नाचं आलं तं कपाशीच्या काया मातीचा वास,
तापी एकटी आली तं रेतीचा."
हे कोणत्या रकान्यात लिहू, विचारलं,
तर त्याने परीक्षानळीच पुढे केली.
दोन थेंब, आणि पाणी पिवळसर.
"केयीच्या घडाले पयला रंग चढते ना, तेवढा.
जास्ती झाला तं गाव खोकते.
कमी झाला तं..."
पुढचं बोलला नाही. नळी झटकून
खिशाला पुसली.

हस्तांतराला मांडव होता,
कंपनीचा फलक निळा,
आणि निळ्याच टोप्या, मापाला मोठ्या.
नवा इंजिनीअर रेवण बिराजदार, लातूरकडचा,
शाळेत असताना
रेल्वेने आलेलं पाणी पाहिलेला पोरगा,
अकरा महिन्यांच्या करारावर.
त्याच्याशी भांडावं असं त्याच्यात काहीच नव्हतं.

सुभानची बदली जन्म-मृत्यू नोंदणीत झाली.
खिडकी क्रमांक दोन.
माझ्या टेबलावरून दिसतो.
जन्माचं रजिस्टर तो नुसतं शिक्क्यापुरतं उघडतो.
मरणाचं उघडलं की
नावाआधी 'कारण' वाचतो,
आणि जुलाब हा शब्द नसला
की पान उलटतो.

भाद्रपदात, रात्री अडीचला, मला फोन.
निविदेत 'संपर्क' म्हणून माझा नंबर छापलेला.
"मॅडम, बिराजदार बोलतोय.
सात नंबर बंद होईना.
आवळतोय तसं पाणी वाढतंय,
टाकी भरून वाहायला लागली.
तुमच्या यादीत काहीच लिहिलेलं नाही."
खरंच नव्हतं. सोळा नग एवढंच होतं.

सुभानला लावला.
एका रिंगमध्ये उचलला,
जसा काही फोनजवळच निजला होता.
दोघांना जोडून दिलं आणि मी अंधारात ऐकत बसले.
"पोरा, थांब आधी. सात नंबर उलटा हाये.
बसोनाराची चूक, आमी तशीच संभायली.
डाव्या अंगाले फिरव. साडेनऊ फेरे.
नवव्याले तो कण्हते. भ्यायचं नाई,
तोंडात कोनी रेती धरल्यावानी आवाज येते,
मंग गप होते."

एक. दोन. पोराचा श्वास.
मागे पाण्याचा घोंगाट.
पाच. हात निसटला वाटतं, शिवी ऐकू आली,
लगेच माफीही.
सात. आठ.
नवव्याला खरंच काहीतरी कण्हलं.
मग गप.
"काका," पोरगा म्हणाला,
पुढे त्याला काही सुचलं नाही.
"जेवला का?" सुभानने विचारलं.
रात्रीचे तीन वाजायला आले होते.

दुसऱ्या दिवशी मी फाइल काढली,
सोळा नगांपुढे कंसात काही लिहावं म्हणून.
लाखेचं सील होतं.
साहेब म्हणाले, दुरुस्ती असेल
तर आता कंपनीच्या संमतीने, स्टॅम्पपेपरवर.
खिडकी दोनशी रांग होती,
एक बाई जुळ्यांचे दाखले मागत होती.
सुभानने मान वर केली नाही.

चौथ्या दिवशी आमच्या गल्लीला नळ आला.
हंडा लावण्याआधी
मी धारेखाली ओंजळ धरली,
नाकाशी नेली.
पुर्ना की तापी,
मला काहीच कळलं नाही.